पोटरी उडते तेव्हा: काय तपासायचं आणि काय तपासणं थांबवायचं

रात्री अकराला दिवा मालवून आडवं झालं की पोटरीत काहीतरी उडतं. कातडीखाली किडा वळवळावा तसं दोन-तीन सेकंद, मग थांबतं, मग मांडीत, मग अंगठ्याच्या मुळाशी. दुखत नाही, गोळाही येत नाही. दिवसाही ते होतच असतं, पण हिंजवडीहून घरी येईपर्यंत गाडीच्या थरथरीत आणि कामाच्या गडबडीत लक्ष जात नाही. अंग स्थिर झालं की जाणवतं. घरात सांगावं तर उत्तरं ठरलेली: "वात असेल, तेल चोळ", आणि पापणी असेल तर "उजवी लवतेय का डावी?" मग मोबाइल हातात येतो. पाचव्या मिनिटाला 'एएलएस' (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी, म्हणजे मोटर न्यूरॉन, मरत जाण्याचा गंभीर आजार) हे नाव समोर येतं आणि त्या रात्रीची झोप तिथेच संपते.

या वाटेने जाताना एक गोष्ट हळूहळू कळते. इथे तपासणी दोन प्रकारची असते. एक डॉक्टर करतात ती. ती एकदा नीट व्हायलाच हवी. दुसरी आपण आरशापुढे, जिन्यात, न्हाणीघरात दिवसातून तीस-चाळीस वेळा करतो ती. पहिली टाळली तर भीती जात नाही, आणि दुसरी चालू ठेवली तर पहिलीचा काही उपयोग होत नाही. म्हणून दोन्ही तपशीलवार मांडतो.

आधी हे उडणं म्हणजे काय ते. मज्जारज्जूतल्या एका चेतापेशीचा धागा स्नायूतल्या अनेक तंतूंना जोडलेला असतो. या सगळ्याला मिळून मोटर युनिट म्हणतात. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका पेशीच्या ताब्यात दहा-बारा तंतू असतात, पोटरीत हजाराहून जास्त. त्या धाग्यात आपोआप एक ठिणगी पडली की ताब्यातले सगळे तंतू एकदम आखडतात. त्यामुळे पोटरीतलं उडणं नुसत्या डोळ्यांनी दिसतं, तरी पाय जागचा हलत नाही. डॉक्टर याला फॅसिक्युलेशन म्हणतात. झोप लागता लागता सगळं अंग दचकतं तो प्रकार वेगळा, आणि पायात गोळा येतो तोही वेगळा. डॉक्टरांना सांगताना हे तीन शब्द एकमेकांत मिसळू नयेत, कारण त्यावरून पुढची दिशा ठरते.

असं उडणं निरोगी माणसांतही सर्रास असतं. 1963 साली रीड आणि कुर्लंड यांनी अमेरिकेत 539 निरोगी वैद्यकीय कर्मचाऱ्यांची पाहणी केली, तेव्हा सुमारे 70 टक्के लोकांनी स्नायू उडत असल्याचं सांगितलं. 1993 साली मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अशा 121 रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. उडणं होतं, पण तपासणीत दुसरं काही सापडलेलं नव्हतं, अशी ही माणसं. 2 ते 32 वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवल्यावर त्यातल्या एकालाही मोटर न्यूरॉनचा आजार (एएलएस त्यातलाच) झाला नव्हता. आणखी एक नोंद मला फार मोलाची वाटते. 2013 साली ऑस्ट्रेलियातल्या न्यूरोलॉजिस्टांनी स्वतःचे स्नायू उडतात म्हणून एएलएसच्या धास्तीने आलेल्या डॉक्टरांचंच वर्णन केलं आणि त्याला 'फॅसिक्युलेशन अँग्झायटी सिंड्रोम इन क्लिनिशियन्स' असं नाव दिलं. ज्यांना सगळं ठाऊक आहे त्यांनाही हे होतं. म्हणून घरच्यांनी याला 'मनाचे खेळ' म्हणून हिणवू नये.

एएलएसची गोष्ट वेगळी आहे. वर्षाला लाखात साधारण दोघांना होणारा हा आजार. त्यात माणसाला दवाखान्यात आणते ती बहुधा गेलेली ताकद: चप्पल चालताना पायातून निसटते, कुलपात किल्ली फिरत नाही, शर्टाचं बटण लागत नाही, जीभ जड होऊन बोलणं अडखळतं, पाणी पिताना ठसका लागतो, एका हाताचं मांस वितळल्यासारखं कमी होतं. इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. भीतीमुळे पाय 'जड वाटतो', 'थकल्यासारखा वाटतो', पण जिना चढता येतो. खऱ्या कमजोरीत जे काल जमत होतं ते आज जमतच नाही, आणि बरेचदा ते आपल्याआधी दुसऱ्याच्या लक्षात येतं.

काळजी आणि स्नायू यांचं नातं कल्पनेतलं नाही, शरीरातलं आहे. धास्ती बसली की ॲड्रेनालिन वाढतं, खांदे आणि पोटऱ्या नकळत ताठ राहतात. श्वास उथळ आणि भराभर होतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो आणि रक्त किंचित अल्कधर्मी होतं. तसं झालं की रक्तातलं मोकळं कॅल्शियम घटतं आणि चेतातंतू थोड्याशा निमित्तानेही पेटतात. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात त्या यामुळेच. एकूण कॅल्शियमची तपासणी मात्र नॉर्मल येते आणि माणूस आणखी गोंधळतो. त्यात झोप मोडलेली, आणि जागं राहायला चहा वाढलेला. नातं उलट्या दिशेनेही चालतं: कित्येकांना आधी ताप येऊन जातो किंवा खूप दमणूक होते, स्नायू उडायला लागतात, आणि काळजी मागाहून येते. आधी काय आलं याचा शोध घेत बसून फारसं हाती लागत नाही. फेरा कुठेही तोडला तरी चालतो.

पहिली पायरी फॅमिली डॉक्टरची. जाताना चालू असलेल्या प्रत्येक औषधाची चिठ्ठी न्यावी, कारण उडण्याचं मूळ पुष्कळदा तिथेच सापडतं. दम्याचा सालब्युटामॉलचा पंप, टर्ब्युटालिन असलेलं खोकल्याचं औषध, सर्दीच्या गोळीतलं स्युडोएफेड्रिन, जिममधली प्री-वर्कआउट पावडर या सगळ्यांनी थरथर वाढते. ॲसिडिटीची ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल यांसारखी गोळी वर्षानुवर्षं घेतली तर मॅग्नेशियम उतरू शकतं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पोटॅशियमही. झोपेची किंवा चिंतेची गोळी, अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, आपल्या मनाने एकदम बंद केली तरी स्नायू उडतात आणि झटकेही येऊ शकतात. दारू अचानक सोडल्यावरही तसंच. भस्मं असलेली औषधं घेत असाल तर तेही न लाजता सांगावं. पारा पोटात गेल्यानंतर स्नायू सतत उडत राहण्याचा, सोबत खूप घाम येण्याचा आजार नोंदला गेलेला आहे.

शेतावर फवारणी करून आल्यावर अंग उडायला लागलं आणि सोबत घाम, लाळ, उलटी, बारीक झालेल्या बाहुल्या, श्वासाला त्रास असं काही असेल, तर ही सगळी चर्चा बाजूला ठेवायची. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची विषबाधा असू शकते. कपडे उतरवून अंग साबणाने धुवावं, 108 ला फोन करावा, डबा सोबत न्यावा. मुळशी-मावळात किंवा जुन्नरकडे गाव असलेल्या पुणेकर कुटुंबांना हे माहीत असायलाच हवं.

रक्ताच्या तपासण्या मोजक्याच लागतात: कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, टीएसएच (थायरॉइडसाठी), साखर, क्रिएटिनिन, बी12, ड जीवनसत्त्व आणि सीपीके. पोटॅशियम साधारण 3.5 ते 5, कॅल्शियम 8.5 ते 10.5 असावं, प्रत्येक लॅबची पट्टी थोडी वेगळी असते, म्हणून अहवालावर छापलेली मर्यादाच धरावी. चुका होतात त्या रक्त देण्याच्या वेळेत. रविवारी सिंहगड चढून सोमवारी सीपीके करू नये. सीपीके हे स्नायूतलं एन्झाइम, तिथून ते रक्तात झिरपतं. मोठ्या श्रमानंतर एक ते तीन दिवसांत ते खूप वर जातं आणि कधी कधी हजारांत पोचतं. आठवडाभर दमणूक टाळून मग रक्त द्यावं. ईएमजी (स्नायूत सुई टोचून करायची तपासणी, ती पुढे येते) केली तरी सीपीके वाढतं, म्हणून रक्त आधी, सुई नंतर. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर त्या दोन-तीन दिवस आधी थांबवाव्यात. काही यंत्रांवर त्यांच्यामुळे थायरॉइडचा आकडा खोटा येतो. बी12 ची इंजेक्शनं सुरू केल्यावर पातळी मोजण्यात अर्थ नसतो, आकडा भरघोसच दिसणार. आधी मोजावं, मग औषध.

बी12 आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे इतकी आढळते की अहवालात ती सापडण्याची शक्यता बरीच. भरून जरूर काढावी. पण चार दिवसांत उडणं थांबेल अशी आशा धरू नये, आणि थांबलं नाही म्हणजे 'मोठं काहीतरी आहे' असाही अर्थ काढू नये. कित्येक जण नेमके इथेच पुन्हा घसरतात.

दुसरी पायरी न्यूरोलॉजिस्टची. या भेटीत खरी किंमत यंत्रापेक्षा हातोडीला आणि डॉक्टरांच्या हातांना आहे. टाचांवर चालायला सांगतात, चवड्यांवर चालायला सांगतात, बोटं फाकवून प्रतिकार करायला लावतात, गुडघ्याखाली हातोडी मारतात, तळव्यावरून किल्ली ओढून अंगठा वर जातो का खाली ते बघतात. जीभ तोंडात सैल ठेवून बघतात. हे मुद्दाम सांगतो, कारण घरी आरशात जीभ बाहेर काढून ती थरथरते म्हणून घाबरणारे खूप आहेत. बाहेर काढलेली जीभ प्रत्येकाचीच थरथरते. मोबाइलवर उडण्याचा एक छोटा व्हिडिओ काढून न्यावा. एक पुरे, चाळीस नकोत. पापणी उडत असेल तर तेही सांगावं: नुसती खालची पापणी फडफडणं बहुधा काही आठवड्यांत जातं, पण डोळा पूर्ण मिटत असेल किंवा गाल आणि ओठाचा कोपराही त्याच बाजूला ओढला जात असेल तर तो वेगळा विषय आहे.

तपासणीत ताकद, रिफ्लेक्स, स्नायूंची जाडी सगळं ठीक असेल तर पुष्कळ डॉक्टर तिथेच थांबतात, आणि ते योग्यच आहे. शंका असेल किंवा रुग्णाची धास्ती फारच असेल तर एनसीव्ही (चेतांचा वेग मोजायची तपासणी) आणि ईएमजी करतात. त्या दिवशी अंगाला खोबरेल किंवा क्रीम लावू नये, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. उपाशी जायची गरज नाही. गुडघ्यापर्यंत आणि कोपरापर्यंत वर सरकतील असे सैल कपडे घालावेत. डिसेंबर-जानेवारीत सकाळी दुचाकीवरून गेलात तर हातपाय गारठलेले असतात, आणि गार हातात चेतांचा वेग खोटा मंद दिसतो. आधी पोचून हात गरम करून घ्यावेत. रक्त पातळ करणारी गोळी किंवा पेसमेकर असेल तर आधीच सांगावं. एनसीव्हीत कातडीवरून छोटे शॉक बसतात, हात आपोआप उडतो. ईएमजीत बारीक सुई स्नायूत टोचतात. तिच्यातून वीज सोडत नाहीत, ती नुसती ऐकते. आधी स्नायू पूर्ण सैल, मग थोडा आवळून, मग जोर लावून. बहुतेकांना सैल सोडणंच जमत नाही आणि वेळ तिथेच जातो. स्पीकरमधून आवाज येतो. चेता तुटत असलेल्या स्नायूचा आवाज पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा सलग असतो, साधं उडणं म्हणजे मधूनच एखादी लाही फुटावी तसा. सगळं मिळून अर्धा ते एक तास.

अहवालात 'फॅसिक्युलेशन्स दिसली' असं वाक्य असलं तर दचकू नये. त्याच्याचसाठी तर गेला होता. बघायचं ते फिब्रिलेशन, पॉझिटिव्ह शार्प वेव्ह किंवा न्यूरोजेनिक बदल (चेतांना इजा झाल्याच्या खुणा) लिहिले आहेत का, आणि तेही डॉक्टरांसोबत बसून. एका महिन्याने दुसरीकडे पुन्हा ईएमजी, मग तिसरीकडे, हा मोह टाळावा. एमआरआयचंही तसंच. कंबरेचा एमआरआय सबळ कारणाशिवाय काढला तर त्यात डिस्क बल्ज (मणक्यांमधली गादी थोडी फुगलेली असणं) सहज सापडू शकतो. पाठ अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या माणसांतही सुमारे 30 टक्क्यांत तो असतो. मग उडणाऱ्या पोटरीवरून गाडी पाठीच्या ऑपरेशनच्या चर्चेवर जाते.

आता तिसरी पायरी, सगळ्यात लांब आणि सगळ्यात कमी सांगितली जाणारी. अहवाल नॉर्मल आला की दोन दिवस हलकं वाटतं. तिसऱ्या दिवशी विचार येतो: "तेव्हा नव्हतं, पण आता सुरू झालं असेल तर?" आणि घरची तपासणी पुन्हा चालू होते. एका पायावर उभं राहून चवडे उचलणं, पंचवीस, पन्नास वेळा. दोन्ही पोटऱ्यांना टेप लावणं. अंगठ्याखालच्या मांसात खळगा दिसतो का ते दिव्याखाली बघणं. या प्रत्येकातून नवं लक्षण तयार होतं: पन्नास वेळा चवडे उचलले की पोटरी दमते, जड वाटते आणि रात्री जास्त उडते. दोन्ही पोटऱ्या कोणाच्याच सारख्या नसतात. चिमटा काढून दाबत राहिलं की अंगठा दुखतो. मग त्या दुखण्याचा शोध.

यातून बाहेर यायला एक वही लागते. तिच्यात उडण्याची संख्या लिहायची नाही. मोजायला लागलं की लक्ष तिथेच खिळतं. लिहायचं ते झोप किती तास झाली, चहा-कॉफीचे किती कप, दमणूक काय झाली, आणि आज आपण किती वेळा तपासून पाहिलं. दोन आठवडे फक्त नोंद, काही बदलायचं नाही. तपासण्याचा आकडा बघून बहुतेकांना धक्का बसतो. पुढच्या आठवड्यात तपासावंसं वाटलं की दहा मिनिटं पुढे ढकलायचं, मग अर्धा तास, मग दिवसातून ठरावीक एक वेळ, शेवटी आठवड्यातून एकदा. अस्वस्थता आधी वाढते. वीस-तीस मिनिटं काही न करता थांबलं की ती आपोआप ओसरते, आणि ती ओसरते हे अनुभवणं हाच इलाज आहे. मोबाइलवर लक्षणं शोधणं मात्र टप्प्याटप्प्याने नको, पूर्ण बंद. चिंता करायला संध्याकाळची पंधरा मिनिटं राखून ठेवावीत. दिवसा विचार आला की वहीत एक शब्द लिहून तो संध्याकाळवर टाकावा.

श्वासाचा व्यायाम करताना एक चूक हमखास होते: घाबरलेला माणूस जोरजोरात खोल श्वास घ्यायला लागतो आणि मुंग्या वाढवून बसतो. श्वास लहानच घ्यायचा, नाकाने, चार मोजेपर्यंत. सोडायचा सहा मोजेपर्यंत. मिनिटाला साधारण सहा श्वास, दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. योगनिद्रेत एकेका अवयवावर लक्ष नेतात, ते सुरुवातीला काहींना उलट त्रास देतं, कारण लक्ष आधीच अंगावर चिकटलेलं असतं. त्यापेक्षा तळजाई किंवा वेताळ टेकडी बरी. सकाळी चाळीस मिनिटं चालायचं, लक्ष झाडांकडे, पक्ष्यांकडे, समोरून येणाऱ्याकडे. पर्वतीच्या पायऱ्या चढता येताहेत का म्हणून चढायच्या नाहीत. ती पुन्हा तपासणीच झाली. वर जाऊन शहर बघायला चढायच्या.

चहा एकदम तोडू नये, डोकं ठणकतं. अमृततुल्यचा छोटा कप असला तरी दिवसभरात सात-आठ झाले तर ती बरीच मात्रा आहे. निरोगी प्रौढाला दिवसाला 400 मिलिग्रॅम कॅफिनपर्यंत चालतं असं धरतात, पण उडण्याचा त्रास असलेल्यांनी दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करत दोनवर यावं, आणि शेवटचा दुपारी दोनच्या आत. मॅग्नेशियमच्या गोळ्या सगळेच सुचवतात. पातळी कमी असेल तर त्या हव्यातच. नॉर्मल असेल तर फार फरक पडत नाही आणि जुलाब होतात. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आपल्या मनाने घेऊच नयेत. तीळ, शेंगदाणे, बाजरी, पालेभाजी यांतून मिळतं ते पुरेसं. एप्रिल-मेच्या उन्हात घाम गाळून नुसतं पाणी ढोसण्यापेक्षा मीठ-साखरेचं लिंबूपाणी किंवा ताक घ्यावं.

दोन-तीन महिने मनापासून करूनही भीतीने काम, झोप, जेवण बिघडलेलंच असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. ही शेवटची पायरी नाही. मला तर वाटतं न्यूरोलॉजिस्टच्या भेटीनंतर लगेचच जायला हवं. पुण्याच्या ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं. सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा मानसोपचार) म्हणजे वर सांगितलेलीच पद्धत, पण जाणत्याच्या हाताखाली, साधारण दहा-बारा बैठकांत. एसएसआरआय गटाची (चिंता आणि नैराश्यावरची) गोळी दिली तर पहिले एक-दोन आठवडे हुरहुर आणि उडणं वाढू शकतं. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. हे आधी सांगितलेलं नसलं की लोक पाचव्या दिवशी गोळी फेकून देतात.

बरं होण्याचा क्रमही उलटा वाटतो. आधी भीती उतरते, उडणं तसंच राहतं. मग कधीतरी लक्षात येतं की काल दिवसभर पोटरीची आठवण झाली नाही. काहींचं पूर्ण थांबतं, काहींचं वर्षानुवर्षं थोडंफार चालू राहतं. तापानंतर, जागरणानंतर, घरात आजारपण आलं की ते पुन्हा वाढतं. अशा वेळी दोन-तीन आठवडे वही पुन्हा काढावी आणि चहा आवरावा. चप्पल निसटणं, बोलणं अडखळणं, मांस कमी होणं यांतलं खरोखरच काही दिसलं तर मात्र वही नव्हे, सरळ डॉक्टर.

घरच्यांसाठी एक सांगायचं राहिलं. "बघ ना, हे उडतंय ना? काही नाही ना?" हा प्रश्न दिवसातून दहा वेळा येतो आणि आई, नवरा, बायको मायेने दहा वेळा "काही नाही रे" म्हणतात. तो दिलासाही तपासणीच ठरतो, तासभर टिकतो आणि मग परत हवा असतो. आधी दोघांनी बसून ठरवावं की दिवसातून एकदाच उत्तर मिळेल. नंतर विचारलं तर हात धरून एवढंच म्हणावं, "भीती वाटतेय ना, कळतंय मला. चल, चपला घाल, चौकापर्यंत जाऊन येऊ."